पाण्यात बोरॉन जास्त आलं, मग वाण कोणतं पेरायचं?

माती-पाणी तपासणीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अहवालात बोरॉनच्या रकान्यासमोर लाल खूण दिसली की फोन येतोच, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यात तगेल असं गव्हाचं एखादं वाण सांगा ना." आम्ही बियाणं विकत नाही, त्यामुळे मोकळेपणानं बोलता येतं. बोरॉन पिकाला लागतं, पण अगदी थोडं; जास्त झालं की तेच बाधतं. बोरॉन सोसण्याचा गुण बियाण्यात असतो, हे खरं आहे. तो कुठून येतो आणि कुठवर पुरतो, तेवढं समजून घ्या. उद्या कुणी 'बोरॉनप्रूफ' छापलेली पिशवी पुढे केली, तर त्याला काय विचारायचं ते कळेल.

विहीर डोळ्यासमोर आणा. मातीतल्या पाण्यात बोरॉन असतं ते बहुतांशी बोरिक आम्लाच्या रूपात. त्याच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून पेशीच्या आवरणाला ते नीट अडवता येत नाही. विहिरीच्या कडेनं पाणी पाझरावं तसं ते मुळात झिरपत राहतं आणि पाण्याबरोबर वर चढतं. पानातून पाणी उडून जातं, बोरॉन मागे उरतं, तेही जिथे प्रवाह संपतो त्या टोकाला. म्हणून जुन्या पानाचं टोक आधी पिवळं पडतं, मग वाळतं, आणि वाळकेपणा खाली सरकतो. सातूच्या (बार्लीच्या) पानावर तर गडद तपकिरी ठिपके उठतात. ते करप्याचे समजून बुरशीनाशक मारलं की पैसे गेले, ठिपके तिथेच.

झिरपा पुरता थांबत नसेल तर मुख्य उपाय उपसा. सोशिक रोप बोरॉन पचवत नाही, ते बाहेर फेकतं.

हे उलगडलं ऑस्ट्रेलियात. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कोरडवाहू जमिनींत खालच्या थरात मुळातच बोरॉन साठलेलं आहे. ग्लॅडस्टोन गावच्या सातूच्या शेतात ते पिकाला बाधतंय, हे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं. शेजारशेजारच्या पट्ट्यांत उत्पन्नाचा फरक १७ टक्क्यांपर्यंत होता. मग सोशिक वाणांचा शोध सुरू झाला आणि अल्जीरियातलं 'सहारा ३७७१' हे जुनं गावरान सातू हाती लागलं. 'क्लिपर' या नाजूक ऑस्ट्रेलियन वाणाशी त्याचा संकर करून संततीच्या मुळांची लांबी आणि पानांतलं बोरॉन मोजत गेले, तेव्हा हा गुण चार गुणसूत्रांवर विखुरलेला निघाला: २एच, ३एच, ४एच आणि ६एच.

यातलं ४एचवरचं जनुक अ‍ॅडलेडच्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये पकडलं. त्याचं नाव 'बॉट-१'. ते बोरॉन उपसणारा पंप बनवतं. गंमत अशी की क्लिपरकडेही हा पंप आहे, फक्त सहाराकडे त्या जनुकाच्या सुमारे चौपट प्रती आहेत. एका मोटरीच्या जागी चार मोटरी! शिवाय सहाराची एकेक मोटरही जास्त जोरकस आहे. ६एचवरचं जनुक वेगळ्या कामाचं. ते मुळात बोरॉन आत येऊ देणारं दार बनवतं, आणि सहारात ते दार कमी बनतं. म्हणजे एकीकडे उपसा वाढवला, दुसरीकडे झरा बुजवला.

गव्हाची गोष्ट आम्हाला जास्त आवडते. 'हॅल्बर्ड' हे वाण ऑस्ट्रेलियात १९६९ मध्ये आलं आणि चांगलं पसरलं. बोरॉनचा विषय तेव्हा निघालाही नव्हता. पैदासकारांनी उत्पन्न बघून निवड केली आणि सोशिकपणा आपसूक पदरात पडला. तो ७बी गुणसूत्रावर आहे, हे नंतर कळलं. तिथलं जनुकही उपसा पंपाचंच निघालं, ते २०१४ मध्ये. हॅल्बर्डचा हा गुण पुढे 'बीटी शॉमबर्क' या वाणात उतरवला. इथलं बीटी आपल्या कापसातलं नव्हे बरं का, 'बोरॉन सोसणारं' एवढाच त्याचा अर्थ.

भातात मात्र उलटंच. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की तिथे एक जनुक बंद पडलेलं असलं की रोप जास्त बोरॉन सोसतं.

आता मुद्द्याचं. सहाराचा ४एचवरचा तुकडा चांगल्या वाणांत आणून शेतात पेरला, तेव्हा पानं कमी करपली, पण उत्पन्न दर वेळी वाढलं असं झालं नाही. जिथे बोरॉन तिथे बहुधा क्षारही असतात, पाण्याची ओढही असते. एकटा पंप काय काय सांभाळणार? आणि आपल्याकडे बऱ्याच रानांत बोरॉन कमीच भरतं; तिथे उपसा करणारं वाण मुद्दाम लावण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही.

त्यापेक्षा पीक बदलणं सोपं. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यानुसार, मुळाशी असलेल्या पाण्यात लिटरमागे ०.७५ ते १ मिलिग्रॅमच्या वर बोरॉन गेलं की गहू आणि सातूचं उत्पन्न घटू लागतं. कांदा, द्राक्ष, संत्रं ०.५ ते ०.७५ लाच कुरकुरतात. मका २ ते ४ पर्यंत, ज्वारी आणि टोमॅटो ४ ते ६ पर्यंत तग धरतात, कापूस त्याच्याही पुढे. गव्हाच्या दोन वाणांत जेवढा फरक पडेल, त्याहून मोठा फरक गहू सोडून ज्वारी घेतल्यानं पडतो.

पिशवीवाला भेटलाच, तर दोन गोष्टी विचारा: कोणतं जनुक आहे, आणि जास्त बोरॉनच्या शेतात किती हंगाम उत्पन्न मोजलंय?

फेरतपासणीसाठी नमुना आणताना एक विनंती. मोटर पंधरा-वीस मिनिटं चालवून मग पाणी भरा, आणि ते प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीतच भरा. काचेतलं बोरॉन पाण्यात उतरू शकतं, उष्णता सोसणाऱ्या काचेतून तर जास्तच. आमच्याकडे रसायन घातल्यावर नमुना पिवळा होतो आणि त्या पिवळेपणावरून बोरॉन मोजतो. तो रंग बाटलीचा की बोअरचा, हे यंत्राला कळत नाही. मागच्या हंगामात एक ग्राहक क्वार्टरच्या बाटलीतून पाणी घेऊन आले होते. त्यांना परत पाठवावं लागलं. बाटली आमच्याकडून फुकट मिळते, आधी येऊन घेऊन जा.