इंडिया गेटच्या कमानीखाली नेमकं कोणाचं स्मारक?

नाशिकरोडहून पंजाब मेल नाहीतर मंगला धरून दिल्लीला निघालेल्यांच्या यादीत इंडिया गेट असतंच. हिरवळीवर बसणं होतं, फोटो होतात. कमानीवरची नावं मात्र क्वचितच कोणी वाचतं.

ती नावं १३ हजारांहून अधिक आहेत आणि सगळी ब्रिटिश अमदानीतल्या फौजेतली, म्हणजे पहिलं महायुद्ध आणि १९१९चं अफगाण युद्ध इथली. पायाभरणी १९२१ साली झाली, आराखडा वास्तुकार ल्युटेन्सचा, उद्घाटन १९३१ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते. मागच्या दगडी छत्रीत १९३६ पासून ब्रिटिश राजा पंचम जॉर्ज पुतळ्याच्या रूपात उभा होता. स्वातंत्र्यानंतरही तो वीसेक वर्षं तिथंच राहिला! १९६८ मध्ये त्याला कोरोनेशन पार्कात हलवलं आणि पुढे अर्धशतकाहून जास्त काळ छत्री रिकामी राहिली. आता तिथे नेताजींचा २८ फुटी काळ्या ग्रॅनाइटचा पुतळा आहे, २०२२ पासून.

खरी अडचण वेगळीच होती. ४७-४८, ६२, ६५ या युद्धांत पडलेल्या जवानांसाठी राजधानीत राष्ट्रीय स्मारकच नव्हतं. १९७१च्या विजयानंतर घाईने कमानीखाली अमर जवान ज्योत उभारली गेली : काळ्या संगमरवराचा चौथरा, उलटी रायफल, वर शिरस्त्राण. २६ जानेवारी १९७२ला इंदिरा गांधींनी तिचं उद्घाटन केलं. म्हणजे साहेबाच्या कमानीखाली आपले हुतात्मे. स्वतंत्र स्मारकाची मागणी १९६० पासूनची, मंजुरी २०१५ची, उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९चं. इतका उशीर माझ्या मते अक्षम्यच. २०२२च्या जानेवारीत जुनी ज्योत नव्या स्मारकाच्या ज्योतीत विलीन केली, त्यावर वादही झाला.

नव्या राष्ट्रीय समर स्मारकाची चार वर्तुळं आहेत. नाशिककरांनी त्यागचक्रात सावकाश फिरावं. ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेका जवानाचं नाव सोनेरी अक्षरांत कोरलंय, अशा २५ हजारांहून जास्त विटा. देवळाली कॅम्प आणि नाशिकरोडच्या तोफखाना केंद्राशेजारी वाढलेल्या माणसाची नजर ‘गनर’ हा हुद्दा आपसूक शोधू लागते.

शेजारच्या परम योद्धा स्थळावर परमवीरचक्र विजेत्यांचे २१ अर्धपुतळे आहेत. त्या पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा. जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी सून. पहिलं परमवीरचक्र मिळालं मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर; ते सावित्रीबाईंच्या लेकीचे दीर.