बंदूक मोठी असली म्हणून अस्वलापासून जीव वाचत नाही

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात वर्षानुवर्षं ऐकू येतं : "बारा बोअर (छर्ऱ्यांची बंदूक) जवळ ठेवा, अस्वल काही करत नाही." हे खरं नाही.

अस्वलासाठी मोठी बंदूकच हवी, हा जड रायफलीचा सल्ला अमेरिकेतल्या अलास्काचा. तिथलं तपकिरी अस्वल तीनशे किलोंच्या पुढे जातं, म्हणून .३७५ मॅग्नमसारखं काडतूस. आपलं अस्वल साधारण ५५ ते १४५ किलोंचं. त्याला थांबवायला बंदुकीची ताकद कमी पडत नाही, वेळ कमी पडतो. ते झुडपात, कपारीत झोपलेलं असतं, नजर अधू. मोहफुलं वेचणारा वाकून थेट त्याच्या तोंडाशी पोचतो आणि दचकलेलं अस्वल चार-पाच पावलांवरून अंगावर येतं. खांद्यावरची बंदूक हातात येईपर्यंत ते चेहऱ्याला भिडलेलं असतं. त्यात पाखरं मारायचे बारीक छर्रे असले तर ते खोल जात नाहीत. लांब केसांमुळे अंगाचा आकारही नीट कळत नाही, नेम चुकतो. जखमी अस्वल तर जास्तच घातक.

कायदाही लक्षात घ्या. १९७२च्या वन्यजीव कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. प्रामाणिक स्वसंरक्षणात मारलं तर गुन्हा नाही, पण बंदूक घेऊन त्याच्या मागे जाणं म्हणजे शिकारच.

माझं कळकळीचं सांगणं : मोहाला पहाटे अंधारात एकटं जाऊ नका. उजाडू द्या, तिघं-चौघं मिळून मोठ्यानं बोलत चला, घुंगुरकाठी आपटत राहा. चाहूल लागली की बहुतेक वेळा अस्वल आपणच वाट सोडतं.