श्रोत्यांचा अभिप्राय आणि त्यासोबतचे सॅट : पार्श्वभूमी

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आणि बिटकॉइन या विषयांवरच्या अनेक पॉडकास्टमध्ये भागाच्या अखेरीस एक ठरलेला विभाग असतो. त्यात श्रोत्यांचे बूस्ट, म्हणजे सॅटमध्ये (बिटकॉइनच्या दहा कोटींव्या भागात) पाठवलेल्या छोट्या रकमा, बहुधा रकमेच्या उतरत्या क्रमाने घेतले जातात, सोबतचा संदेश मोठ्याने वाचून निवेदक त्यावर बोलतात, आणि ठरवलेल्या किमान रकमेखालचे संदेश बहुतेक वेळा वाचनात येत नाहीत. अभिप्रायाला रकमेची ही जोड कशी मिळाली आणि २०२५ च्या सुरुवातीला ती इतकी का ताणली गेली, हे समजून घ्यायचे तर २०२० नंतरचे तांत्रिक निर्णय बारकाईने पाहावे लागतात.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. डिसेंबर २००० मध्ये आरएसएसच्या, म्हणजे नवा मजकूर आपोआप पोहोचवणाऱ्या यादीच्या (फीडच्या) प्रमाणाच्या, ०.९२ या आवृत्तीत फीडला ध्वनिफाइल जोडण्याची सोय झाली आणि २००४ पासून लिनक्सवरचे नियमित कार्यक्रम सुरू झाले. फीड मात्र एकाच दिशेने वाहते. श्रोत्याचे म्हणणे परत नेणारी वाट त्यात नव्हती. ती उणीव ईमेल, व्हॉइसमेल आणि आयआरसी या लेखी गप्पांच्या जुन्या व्यवस्थेने भरून काढली. त्या काळातला अभिप्राय विनाशुल्क होता आणि त्यात चुकांच्या दुरुस्त्या भरपूर असत, कारण ऐकणाऱ्यांमध्ये प्रोग्रामर आणि सिस्टिम सांभाळणारे लोक मोठ्या प्रमाणावर होते. कार्यक्रम एमपी३ मध्येच का देता, ऑग व्हॉर्बिस या परवानामुक्त ध्वनिस्वरूपात का नाही, हा प्रश्न वर्षानुवर्षे येत राहिला. एमपी३ चा परवाना कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये बंद झाल्यावर त्यातली धार गेली.

पैसे आणि संदेश एकत्र पाठवण्याची पद्धत बिटकॉइनमुळे आली असे समजले जाते, पण तिचे मूळ वेगळे आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या एका अमेरिकी कार्यक्रमाने जाहिराती पूर्णपणे नाकारल्या, ज्याला जेवढे मोल वाटेल तेवढे त्याने द्यावे असे श्रोत्यांना सांगितले, आणि देणगीसोबत आलेली चिठ्ठी कार्यक्रमात वाचण्याचा पायंडा पाडला. पुढे याच वर्तुळातून ‘पॉडकास्टिंग २.०’ हा प्रयत्न निघाला. २०२० मध्ये पॉडकास्टची एक खुली सूची उभी राहिली, तिच्यासोबत आरएसएससाठी नव्या टॅगांचा संच आला, आणि त्यातल्या ‘व्हॅल्यू’ या टॅगमुळे रक्कम कोणाला आणि कोणत्या प्रमाणात वाटायची हे फीडमध्येच लिहिता येऊ लागले. ऐकता ऐकता दर मिनिटाला काही सॅट निवेदक, संपादक आणि अ‍ॅप बनवणारे यांच्यात आपोआप विभागले जाणे त्यामुळे शक्य झाले.

येथे जो निर्णय घेतला गेला, त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. लाइटनिंग या, बिटकॉइनच्या छोट्या आणि झटपट व्यवहारांसाठीच्या जाळ्यावर नेहमीच्या व्यवहारात घेणारा आधी इनव्हॉइस (रकमेची मागणी) देतो आणि मग देणारा पैसे भरतो. दर मिनिटाला चार-पाच जणांकडून इनव्हॉइस मागवणे व्यवहार्य नव्हते, म्हणून कीसेंड या पद्धतीची निवड झाली. २०२० च्या सुरुवातीला नोड (लाइटनिंगच्या जाळ्यातला संगणक) चालवणाऱ्या एका प्रमुख सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या या सोयीत इनव्हॉइस लागत नाही. व्यवहाराचे गुपित देणाराच तयार करतो आणि ते पैशांसोबत पाठवतो. त्याच माहितीच्या पाकिटात जादा मजकूर भरता येतो हे ध्यानात आल्यावर ७६२९१६९ या क्रमांकाच्या नोंदीत पॉडकास्टचे नाव, भाग, ऐकण्याचा नेमका क्षण, पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेश घालण्याचा संकेत रूढ झाला. बूस्टाग्राम म्हणून ओळखला जाणारा प्रकार तो हाच.

या रचनेचे गुण खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. संदेश वाटेतल्या नोडना वाचता येत नाही, फक्त शेवटच्या नोडवर उघडतो. मध्ये एखादी कंपनी असावीच लागते असे नाही. आणि पाठवायला थोडा का होईना खर्च येत असल्यामुळे कचरा संदेशांचा पूर येत नाही. जाहिरातदारांवर विसंबून नसलेल्या छोट्या कार्यक्रमांना यातून मिळालेला आधार मोलाचा होता. तरीही संदेश पैशांच्या पोटात ठेवल्याने काही मर्यादा जन्मापासूनच चिकटल्या. लाइटनिंगच्या पाकिटात सर्व टप्प्यांची माहिती मिळून १,३०० बाइट एवढीच जागा असते आणि मार्ग जितका लांब तितकी संदेशाला जागा कमी उरते; देवनागरीसारख्या लिपीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने तिथे ही मर्यादा आणखी लवकर येते. चॅनेलमध्ये (दोन नोडमधल्या पैशांच्या वाटेत) पुरेशी तरलता, म्हणजे पुढे सरकवण्याजोगी शिल्लक, नसेल तर व्यवहार फसतो, आणि त्याबरोबर अभिप्रायही पोहोचत नाही. एकूण रक्कम वाटणीत विभागली जाते, त्यामुळे पाठवणाऱ्याने एकंदर किती दिले हा आकडा त्याचे अ‍ॅप संदेशातच लिहून पाठवते. एकटा नोड त्याची पडताळणी करू शकत नाही, आणि वाचनाचा क्रम मात्र अनेकदा याच आकड्यावर ठरतो. शिवाय गुपित देणाऱ्यानेच तयार केलेले असल्याने, इनव्हॉइसने भरणा केल्यावर मिळणारा पुरावा कीसेंडमध्ये मिळत नाही.

२०२१ नंतरच्या तीन-चार वर्षांत या मर्यादांकडे फारसे लक्ष गेले नाही, कारण पद्धत चालत होती आणि तिच्याभोवती एक आपुलकीची भाषा तयार झाली होती. बदकासारख्या दिसणाऱ्या 2 या आकड्यामुळे २,२२२ सॅट म्हणजे बदकांची रांग असे ठरले. काही श्रोते आपल्या भागाच्या पिनकोडाइतकी रक्कम पाठवत आणि निवेदक नकाशात शोधून गावाचे नाव सांगत. आकडाच संदेशाचा भाग होणे ही यातली खरोखर नवी गोष्ट होती.

आक्षेपही त्याच काळात वाढले, आणि मुक्त स्रोताच्या कार्यक्रमांत ते अधिक ठळक होते. बिटकॉइनवरच्या कार्यक्रमाच्या श्रोत्याकडे सॅट असणे स्वाभाविक आहे. लिनक्सवरचा कार्यक्रम ऐकणाऱ्याकडे ते असतीलच असे नाही, आणि काहींचा तर विजेच्या वापरामुळे किंवा तत्त्वाने बिटकॉइनलाच विरोध असतो. ईमेल सर्वांना खुले आहे, हे कार्यक्रमांचे उत्तर वस्तुस्थितीला धरून होते, पण अपुरे होते, कारण प्रक्षेपणातला वेळ मर्यादित असतो आणि तो रकमेच्या क्रमाने वाटला की बारकाईने लिहिलेले दुरुस्तीचे पत्र मागे पडते. मुक्त स्रोतात अभिप्रायाचे वजन आजवर त्यातल्या मुद्द्यावर ठरत आले आहे. एखाद्या त्रुटीची नोंद कोणी किती पैसे देऊन केली हे पाहिले जात नाही. या परंपरेतल्या कार्यक्रमांनी रकमेचा क्रम स्वीकारताना हा फरक पुरेसा तोलला नाही, असेच म्हणावे लागते.

नंतरच्या घडामोडी झपाट्याने झाल्या आणि त्यांनी वादाचे रूप बदलले. जून २०२३ मध्ये एका मोठ्या अ‍ॅप स्टोअरने, डिजिटल मजकुराशी जोडलेली लाइटनिंग बक्षिसी स्टोअरच्या स्वतःच्या खरेदी व्यवस्थेबाहेर चालणार नाही, अशी भूमिका एका मुक्त स्रोत सामाजिक अ‍ॅपबाबत घेतली, आणि मोबाइलवर बूस्टचे बटण ठेवणाऱ्या इतरांनाही त्यातून इशारा मिळाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये एक लोकप्रिय वॉलेट (सॅट ठेवण्याचे आणि पाठवण्याचे अ‍ॅप) अमेरिकेतून बाहेर पडले. एप्रिल २०२४ मध्ये एका वॉलेटच्या निर्मात्यांना अमेरिकी खटल्यात अटक झाल्यावर, सॅटवर ताबा देणारी गुप्त चावी वापरकर्त्यालाच सांभाळू देणारे आणखी एक वॉलेट मे महिन्यात अमेरिकेतून काढून घेतले गेले आणि २०२५ मध्ये परतले. सर्वांत मोठा धक्का जानेवारी २०२५ मध्ये बसला. पॉडकास्टच्या श्रोत्यांत सर्वाधिक रुळलेल्या एका सेवेने आपली सामायिक खाती (ज्यांत वापरकर्त्यांचे सॅट ती सेवाच सांभाळत असे) बंद केली आणि वापरकर्त्यांना स्वतःचा नोड चालवायला सांगितले. स्वायत्ततेच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीय होता, पण नोड चालवणे, चॅनेल उघडणे आणि तरलता सांभाळणे हे काम नुसता अभिप्राय कळवू पाहणाऱ्या श्रोत्याच्या आवाक्याबाहेरचे होते. पर्याय म्हणून पुढे आलेली अनेक सोपी वॉलेट कीसेंड हाताळतच नाहीत.

त्यामुळे अ‍ॅप आणि कार्यक्रम २०२१ मध्येच रूढ होऊ लागलेल्या, ईमेलसारख्या दिसणाऱ्या लाइटनिंग पत्त्याकडे वळले. तिथे पुन्हा इनव्हॉइस लागतो, भरणा अधिक भरवशाचा होतो, पण ७६२९१६९ ची नोंद सोबत जात नाही. टिपणीची जागा असते, तिची लांबी मात्र घेणाऱ्याची सेवा ठरवते आणि काही सेवा ती मुळीच देत नाहीत. यावर मांडल्या गेलेल्या तोडग्यात संपूर्ण माहिती वेगळ्या सर्व्हरवर ठेवून टिपणीत फक्त तिचा दुवा पाठवला जातो. म्हणजे पैसे आणि संदेश यांच्या वाटा पुन्हा वेगळ्या होतात, आणि तो सर्व्हर कोणी चालवायचा, त्यावरचा मजकूर किती काळ टिकवायचा आणि रक्कम न भरता तिथे संदेश ठेवू द्यायचा की नाही, हे प्रश्न आता चर्चेत आहेत.