पोर्तुगालचा शोरिसू आणि गोव्याचं चोरीस, दोन्ही लाल पण काम वेगळं

पोर्तोला आम्ही नेमके सांजावच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या रात्री होतो, 23 जूनला. गोव्यात त्या सणाला लोक विहिरीत उड्या मारतात, तिकडे अख्खं गाव रस्त्यावर येऊन प्लास्टिकच्या हातोड्यांनी एकमेकांच्या डोक्यात मारत फिरतं, कोळशावर सार्डिन भाजत असतात, आणि रात्री उशिरा कुणीतरी हातात गरम सूपचा वाडगा देतं. ते काल्दो वेर्दे. हिरवंगार, आणि मधोमध सॉसेजची एकच लाल चकती. एकच! नवरा म्हणाला कंजूष आहेत, पण खाल्ल्यावर कळलं की ती एक चकतीच अख्ख्या वाडग्याला पुरते.

घरी आल्यावर म्हटलं हे तर जमायलाच हवं, कारण सामान काय तर बटाटा आणि कोबीचा पाला. हे दोन्ही शब्दच आपण पोर्तुगीजांकडून घेतलेत, बटाटा म्हणजे त्यांचा बटाटा आणि कोबी म्हणजे त्यांचं 'कोव्ह'. राहिलं सॉसेज, म्हणजे त्यांचा शोरिसू. तर फ्रीजमध्ये म्हापशाच्या बाजारातून आणलेली चोरीसची माळ होतीच, स्पेलिंगही तेच, सी-खाली शेपटीवालं. घातली की पातेल्यात. तिथेच माती खाल्ली.

झालं काय, तर दहा मिनिटांत आवरणं फुटली, पाणी लालभडक, घरभर व्हिनेगरचा वास, आणि बटाटे अर्धा तास झाला तरी शिजेनात. नंतर डोक्यात प्रकाश पडला, आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही, भाजीत चिंच आधी घातली की होतं तसंच.

मुळात फरक हवेचा आहे. उत्तर पोर्तुगालमध्ये डुक्कर कापायचा मोसम म्हणजे थंडी. मांस मीठ, लसूण, वाइन आणि लाल मिरचीत मुरवतात (ही मिरची गोडसर, रंगाला जास्त आणि तिखटाला नावापुरती), मग आतड्यात भरून चुलीच्या वर धुरात टांगून ठेवतात. थंडी आणि धूर, या दोघांवर ते टिकतं. म्हणून शोरिसू घट्ट असतो, सुरीने चकत्या पडतात, पाण्यात उकळला तरी आकार सोडत नाही. फक्त धुराचा वास आणि थोडं लाल तेल सोडतो.

गोव्यात कुठली आलीय थंडी? दमट हवेत मांस टिकवायचं तर आंबट हवं आणि मसाला हवा. म्हणून तिथे माडाच्या सुरेचं व्हिनेगर, सुक्या लाल मिरच्या, लसूण, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, सगळा लवाजमा, आणि मग कडक उन्हात वाळवायचं. पावसाळ्याच्या बेगमीचा, म्हणजे त्यांच्या पुरुमेंताचा तो ठरलेला भाग. आत मांसाचे छोटे तुकडे सुटे असतात, त्यामुळे चकती वगैरे विसरा. आवरण कापायचं, आतलं काढायचं, कांद्याबरोबर थोड्या पाण्यात शिजवायचं, मीठ चाखल्याशिवाय अजिबात घालायचं नाही. माझ्या मते चोरीस हे सॉसेज कमी आणि तयार वाटण जास्त आहे, ते ज्यात पडेल त्याला आपल्या चवीचं करून टाकतं. शोरिसू बिचारा बाजूला उभा राहून वास देतो. काल्दो वेर्देला नेमकं तेच हवं असतं.

आता शोरिसू हाताशी नसेल तर काय. मी चौघांसाठी अर्धा किलो बटाटे, एक कांदा, तीन लसूण पाकळ्या दीड लिटर पाण्यात उकडून मिक्सरमधून काढते. साधं स्मोक्ड सॉसेज मिळालं तर ते आधी त्याच पाण्यात अख्खं उकळून बाहेर काढून ठेवते आणि वाढताना एकेक चकती. नाही मिळालं तर आपला कोळशाचा धुंगार आहेच, वाटीत निखारा ठेवून त्यावर तेलाचे दोन थेंब, पाच मिनिटं झाकण. वरून ऑलिव्ह ऑइलमध्ये चिमूटभर काश्मिरी मिरची पूड. शाकाहारी लोकांनाही हे चालतं, आणि खरं सांगू का, सत्तर टक्के पोर्तो येतं.

पाल्याचं म्हणाल तर त्यांची ती उंच देठाची गालेगा कोबी इथे नाही मिळत. पालक घालतात बरेच जण, पण तो गाळ होतो. त्यापेक्षा नवलकोलाची पानं घ्या, किंवा फ्लॉवरची कोवळी पानं, जी भाजीवाला फुकटच देतो. मधला दांडा काढून पानं एकावर एक ठेवायची, अळूवडीसारखी घट्ट गुंडाळी करायची आणि केसाइतकं बारीक चिरायचं. तिकडे बाजारात हे मशीनवर चिरून पिशवीत भरून देतात, इथे आपली सुरी आणि आपला संयम. उकळत्या सूपमध्ये चार-पाच मिनिटं, झाकण न ठेवता, नाहीतर हिरवा रंग जातो. ऑलिव्ह ऑइल गॅस बंद केल्यावर कच्चंच.

त्या दिवशीचं लाल पातेलं घेऊन मी शेजारच्या मडगावच्या काकींकडे गेले होते. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगो, अख्खी माळ सूपमध्ये कोण टाकतं गो?" मग आवरणं निवडून काढली, दोन कांदे चिरून घातले, गॅस मोठा केला आणि पाणी आटवत बसल्या. पाऊण तासाने चोरीस-बटाटा तयार, मी खाली जाऊन डझनभर पाव आणले.