राज्य हवे, पण असे नको: नॉर्दर्न टेरिटरीच्या संविधानाची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीला, म्हणजे राज्याचा दर्जा नसलेल्या प्रदेशाला, १ जुलै १९७८ रोजी स्वशासन मिळाले. ते केंद्रीय संसदेच्या साध्या कायद्याने मिळाले होते, म्हणजे संसदेच्या मनात आले तर त्याला केव्हाही कात्री लागू शकत होती. आदिवासींचे जमीनहक्क, युरेनियम आणि उलुरू-काकाडू ही राष्ट्रीय उद्याने केंद्राने आपल्याच हातात ठेवली. सिनेटमध्ये, म्हणजे केंद्रीय संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, मूळ राज्यांना प्रत्येकी १२ जागा, टेरिटरीला २.

भारतात राज्यांना वेगळे संविधान नसते, ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याचे स्वतःचे असते. म्हणून राज्य होण्याआधी संविधान लिहिणे भाग होते. १९८५ मध्ये विधानसभेने दोन्ही बाजूंच्या सदस्यांची समिती नेमली. समिती गावोगावी, आदिवासी वस्त्यांवर फिरली, लोकांचे ऐकले आणि १९९६ च्या अखेरीस अंतिम मसुदा दिला. जमीनहक्कांचा कायदा राज्याकडे आला तरी साध्या बहुमताने त्याला हात लावता येऊ नये, आदिवासींच्या रूढी-परंपरांना कायद्यात स्थान असावे, असा विचार त्यात होता. इतक्या चिकाटीने झालेले हे काम पुढे वाया गेले याची खंत वाटते.

दरम्यान १९९५ मध्ये टेरिटरीने केलेला इच्छामरणाचा कायदा केंद्राने मार्च १९९७ मध्ये रद्द केला. राज्याच्या मागणीला त्याने धार आली आणि घाईही. मार्च-एप्रिल १९९८ मध्ये भरलेल्या संविधान अधिवेशनाचे प्रतिनिधी थेट लोकांनी निवडावेत अशी मागणी होती. टेरिटरीच्या सरकारने मात्र ५३ प्रतिनिधींपैकी बहुतेकांची नेमणूक ठरावीक संस्थांमार्फत केली. काही आदिवासी प्रतिनिधी बाहेर पडले. ऑगस्टमध्ये काल्करिंगीला आदिवासींनी स्वतःची परिषद भरवली आणि सद्भावनेने वाटाघाटी होईपर्यंत संमती देणार नाही, असे जाहीर केले. काल्करिंगी ही गुरिंजी लोकांची भूमी. १९६६ मध्ये तिथल्या गुराख्यांनी पशुपालन मळ्यावरचे काम सोडून आपल्या जमिनीसाठी लढा उभारला होता. जमीनहक्कांवरचा अविश्वास तिथे किती मुरलेला असेल, हे वेगळे सांगायला नको.

सर्वाधिक वाद झाला तो राज्याच्या दर्जासाठी घेतलेल्या सार्वमताच्या मतपत्रिकेवरच्या प्रश्नावरून. अधिवेशनाने शिफारस केलेले आणि विधानसभेने मान्य केलेले संविधान आता तयार आहे, तर आपण राज्य व्हावे हे तुम्हाला मान्य आहे का, असा एकच प्रश्न होता. राज्य हवे पण हे संविधान नको, असे म्हणणाऱ्याने काय करायचे? दोन वेगळे प्रश्न विचारायला हवे होते. तसे न करणे ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. राज्याच्या कल्पनेला पाठिंबा असल्याचे आधीची सर्वेक्षणे सांगत होती, तरी ३ ऑक्टोबर १९९८ ला सुमारे ५१ टक्के मते विरोधात गेली. नंतरच्या चौकशीत अपुरी माहिती आणि प्रक्रियेवरचा अविश्वास हीच कारणे पुढे आली.

२००५ मध्ये नव्या समितीने पुन्हा लोकांमध्ये जायला सुरुवात केली. या खेपेस निवडून आलेल्या प्रतिनिधींचे अधिवेशन भरवायचे ठरले, पण २०१२ मध्ये तेही पुढे ढकलले गेले. मधल्या काळात, २००७ मध्ये, केंद्राने आदिवासी वस्त्यांच्या कारभारात थेट हस्तक्षेप केला आणि स्वशासन किती तकलादू आहे हे पुन्हा दिसले. इच्छामरणाबाबत कायदा करण्याचा अधिकार डिसेंबर २०२२ मध्ये परत मिळाला, राज्याचा दर्जा मात्र अजून नाही.