बरणीतली नाणी आणि बारा कोटींचा खेळाडू

बोस्टन विद्यापीठात व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे संशोधकांनी नाण्यांची बरणी ठेवली. मोजायचं नाही, नुसतं बघून बोली लावायची. ज्याची बोली सगळ्यात मोठी त्याने तेवढे पैसे द्यायचे आणि बरणीतल्या ऐवजाची किंमत घेऊन जायचं. बरणीत ८ डॉलर होते. असे लिलाव अनेक वर्गांत झाले आणि निकाल १९८३ साली छापून आला. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज होता ५ डॉलर १३ सेंट, म्हणजे पोरं तशी हात राखूनच होती. तरीही जिंकणारी बोली सरासरीने निघाली १० डॉलर १ सेंट. जो जिंकला त्याच्या खिशाला दोन डॉलरची चाट!

यात कुणी मूर्ख नव्हतं. अंदाज म्हटला की कुणाचा कमी, कुणाचा जास्त. पण लिलाव जिंकतो तो ज्याचा अंदाज वरच्या बाजूला सगळ्यात जास्त चुकलाय तो. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांत तेलकंपन्यांचे हात कसे पोळले, हे तीन अभियंत्यांनी १९७१ मध्येच दाखवलं होतं. अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात.

अमेरिकेत दर हिवाळ्यात असल्याच बरण्यांचा बाजार भरतो. बेसबॉलचा मोसम ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपतो आणि मग तीस संघ खेळाडूंच्या खरेदीला आणि अदलाबदलीला लागतात. या दिवसांना तिकडे ‘हॉट स्टोव्ह’ म्हणतात: बाहेर बर्फ, आत शेगडी आणि शेगडीभोवती कोण कुठे जाणार याच्या गप्पा. आयपीएलचा लिलाव बघणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल, पण तिथे प्रत्येक संघाच्या थैलीला मर्यादा असते. बेसबॉलमध्ये तशी पक्की मर्यादा नाही. ठरावीक रकमेपुढे गेलात तर जादा कर भरा आणि खुशाल खर्च करा.

पूर्वी खेळाडू जन्मभर संघमालकाच्या दावणीला बांधलेला असे. कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ मध्ये आपली परस्पर केलेली बदली नाकारली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ मध्ये हरला. दावं सुटलं ते १९७५च्या डिसेंबरात, पीटर सायट्झ या लवादाच्या निवाड्याने. त्यातून पुढे नियम बसला: वरच्या पातळीवर सहा वर्षं खेळलात की तुम्ही ‘फ्री एजंट’, हवा त्याच्याशी करार करा.

या सहा वर्षांतच सगळी गोम आहे. बावीस-चोविसाव्या वर्षी खेळायला लागलेला माणूस सहा वर्षांनी अठ्ठावीस ते तीस वर्षांचा होतो. आकडे मांडणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्यांचे फलंदाज तपासले, तर सर्वसाधारण खेळाडूचा कस सत्तावीसच्या आसपास सगळ्यात वर असतो आणि तिथून हळूहळू उतरतो. म्हणजे माल बाजारात येतो तोच मुळी उतार लागल्यावर, आणि करार होतो पुढच्या सात-दहा वर्षांचा! भाव मात्र मागच्या मोसमावर ठरतो. उत्तम मोसमात कौशल्याबरोबर थोडं नशीबही असतं, आणि नशीब काही पुढच्या वर्षीच्या करारात बांधून देता येत नाही.

वर आणखी एक पाचर. जुनी गाडी विकणाऱ्याला तिची खोड घेणाऱ्यापेक्षा जास्त माहीत असते, या मुद्द्यावर मोठं काम करणाऱ्या जॉर्ज अकरलॉफ यांना २००१ च्या डिसेंबरात नोबेल मिळालं. बेसबॉलमध्ये तेच. ज्याला त्याचा स्वतःचा संघ जाऊ देतो, त्याच्या खांद्याबद्दल त्या संघाच्या डॉक्टरला काहीतरी ठाऊक असू शकतं. केनेथ लेन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की संघ बदललेले फ्री एजंट जुन्याच संघात राहिलेल्यांपेक्षा दुखापतींमुळे जास्त दिवस बाहेर बसले होते.

अकरलॉफना नोबेल मिळालं त्याच २००१ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंड अॅथलेटिक्स या संघाचं घर धुऊन निघत होतं. १०२ सामने जिंकलेल्या या संघाचा जेसन जिआंबी न्यूयॉर्क यांकीजनी सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलरला नेला. जॉनी डेमन बोस्टनला गेला, जेसन इझरिंगहाउझन सेंट लुइसला. पुढच्या मोसमासाठी ओकलंडचा पगारखर्च होता जेमतेम ४ कोटी, यांकीजचा त्याच्या तिप्पट. अशा लिलावात भाव वाढवत बसणं म्हणजे सावकाराशी पैज लावणं.

ओकलंडचे महाव्यवस्थापक बिली बीन आणि हार्वर्डमधून अर्थशास्त्र शिकून आलेला त्यांचा सहायक पॉल डीपोडेस्टा यांनी लिलावाकडे पाठ फिरवली. त्यांचा प्रश्न वेगळा होता: बाजाराची नजर कुठे अधू आहे?

इथे जरा खेळात शिरावं लागेल. बेसबॉलमध्ये नऊ डाव, प्रत्येक डावात तीन बाद, म्हणजे संघाची सगळी पुंजी २७ ‘आउट’. जो आउट न होता बेसवर, म्हणजे धाव पुरी करताना गाठायच्या टप्प्यावर, पोहोचतो तो ही पुंजी वाचवतो, मग तो फटका मारून पोहोचो की चार वाइट चेंडू सोडून फुकटात, ज्याला ‘वॉक’ म्हणतात. गंमत अशी की शंभर वर्षं मिरवलेल्या फलंदाजीच्या सरासरीत वॉक धरतच नाहीत. आपल्याकडे वाइडच्या धावा फलकावर न लावण्यासारखंच हे. हे वर्षानुवर्षं ओरडून सांगणारा बिल जेम्स हा गृहस्थ कॅन्ससमधल्या एका डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रीचा पहारेकरी होता. त्याचं कोण ऐकणार?

ओकलंडने ऐकलं. स्कॉट हॅटेबर्ग हा यष्टिरक्षकासारख्या जागी, म्हणजे ‘कॅचर’ म्हणून खेळणारा. कोपरातली नस फाटून शस्त्रक्रिया झालेली, चेंडू नीट फेकता येईना. सगळ्यांनी त्याला मोडीत काढलं होतं. पण वाइट चेंडूला बॅट न लावण्याचा संयम कोपरात नसतो. साधारण ९ लाख डॉलरमध्ये त्याला घेतलं आणि जिथे फार फेकावं लागत नाही अशा पहिल्या बेसवर उभं केलं. २००१ मध्ये जिआंबी शंभरातल्या ४८ वेळा बेसवर पोहोचला होता, २००२ मध्ये हॅटेबर्ग ३७ वेळा. बरोबरी नव्हतीच, पण किमतीतलं अंतर बघा.

४ सप्टेंबर २००२ च्या रात्री ओकलंड सलग विसाव्या विजयाच्या दारात होता. कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० अशी आघाडी होती, ती ११-११ वर आली. नवव्या डावात राखीव म्हणून पाठवलेल्या हॅटेबर्गने चेंडू कुंपणापार धाडला. १२-११. अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दोन गटांपैकी ओकलंडच्या गटात, तोवर कुणी सलग वीस सामने जिंकले नव्हते.

ही गोष्ट इथवर सांगून थांबण्याची पद्धत आहे, मला ती पटत नाही. त्या मोसमात ओकलंडने १०३ सामने जिंकले. पण संघाने किती टक्के सामने जिंकायला हवे होते हे सांगणारं जेम्सचंच एक सूत्र आहे: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. ओकलंडच्या धावा ८००, दिलेल्या ६५४. उत्तर ०.६, म्हणजे १६२ सामन्यांत ९७ विजय. वरचे सहा नशिबाच्या खात्यात टाकायला हरकत नाही. आणि दिलेल्या धावा इतक्या कमी का? बॅरी झीटो, टिम हडसन, मार्क मल्डर हे तीन अव्वल पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. तिघेही त्या सहा वर्षांच्या आतले, म्हणून स्वस्त. सर्वात मोठी सूट शहाणपणाने नव्हे, नियमाने मिळाली होती. वॉकची युक्तीही टिकली नाही. जॉन हेक्स आणि रेमंड सॉअर यांनी पगारांचे आकडे तपासले, तेव्हा २००४ पर्यंत बाजाराने वॉकला योग्य भाव द्यायला सुरुवात केलेली दिसली.

झीटोची सहा वर्षं २००६ मध्ये भरली. खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी त्याला सात वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलर दिले. वय २८. तिथे तो ६३ सामने जिंकला आणि ८० हरला. २०१० मध्ये संघ विजेतेपदासाठी खेळला तेव्हा याला खेळाडूंच्या यादीतून वगळलं होतं. शापाचं याहून ठळक उदाहरण शोधावं लागेल. मात्र २०१२ च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना त्याच्याच हाती दिला गेला. समोर डेट्रॉइटचा जस्टिन व्हरलँडर, त्या काळचा बहुधा सर्वोत्तम पिचर. झीटोने सामना तर जिंकलाच, वर चौथ्या डावात बॅट घेऊन उभा राहिला, व्हरलँडरचा चेंडू डाव्या बाजूला टोलवला आणि एक धाव वसूल केली.