पंधरा वर्षं झाली म्हणजे जीप भंगारात?

"पंधरा वर्षं झाली, आता जीप भंगारातच," असं कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहा पिता पिता अजून छातीठोकपणे सांगतात. चूक. डिझेलला 10, पेट्रोलला 15 वर्षं ही मर्यादा दिल्ली परिसराची. कोल्हापुरात खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून 5 वर्षांसाठी वाढवता येते.

पैसे घालायचे का, ते चॅसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, सांगते. गगनबावड्याच्या पावसात भिजलेली जीप रॅम्पवर चढवा, मागच्या स्प्रिंगचे पाटे चॅसीला जोडणाऱ्या कडीपाशी (शॅकल) स्क्रूड्रायव्हर टोचा. गंजाचे पापुद्रे सुटून टोक आत घुसलं, तर इंजिनकाम म्हणजे पडक्या वाड्याला रंग. टणक लागलं तर क्लच, बुश, इंजेक्टर बिनधास्त करा की! सीटकव्हरचं नंतर बघू.